बंडीमागे कुत्रे निघाले, तर त्याचीही शिदोरी बांधा



कपाशीचा दुसरा वेचा घरात येतो, तुरीच्या शेंगा भरू लागतात, हरभऱ्याची डवरणी आटोपलेली असते. हाताला चार दिवसांची उसंत मिळते आणि अमरावती जिल्ह्यातल्या घराघरांत एकच विषय निघतो, बहिरमला केव्हा जायचे? डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमारास सुरू होणारी ही जत्रा जानेवारी संपेपर्यंत चालते. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा ते बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी राहुट्या पडतात, हंडीखाली जाळ लागतो. ज्यांचे व्रत आहे त्यांचे रोडगे आणि वांग्याची भाजी शिजते. लेकी-जावई, आते-मामे सगळे जमतात. घरची मंडळी निघाली की पातेली, सतरंज्या, पीठ, तिखट-मीठ, गॅसबत्तीच्या जागी आता चार्जिंगचा दिवा, अशी सगळी यादी होते. त्या यादीत एक नाव मात्र कधी नसते, आणि नेमके तेच सर्वांच्या आधी वेशीत जाऊन उभे असते. ते म्हणजे घरचे कुत्रे.

मी विस्ताराच्या कामात जन्म घालवला. सांगितले ते बहुतेक बियाण्याचे, खताचे आणि बोंडअळीचे. परंतु गावोगाव फिरताना कुत्र्यांविषयीचे प्रश्नही पुष्कळ ऐकले. "कुत्र्याला सोबत का नेता?" असे विचारले की उत्तर ठरलेले. "साहेब, आमी कोठी नेतो त्याले? थे आपलं मांगं मांगं येते!" हे उत्तर खरे आहे. म्हणूनच या विषयाचा विचार करायला हवा. जे नेण्याचे ठरवले आहे त्याची तयारी होते, जे आपोआप मागे येते त्याची होत नाही.

बंडीच्या काळात याने फारसे बिघडत नसे. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालत. कुत्रे बंडीच्या आसाखाली, सावली धरून, जिभेला वारा देत चाले. दुपारी बैल सोडले की तेही झाडाखाली अंग टाकी. नदी-नाल्यावर बैलांबरोबर पाणी पिई. प्रवासाची चाल त्याच्या पायाला मानवणारी होती. काठेवाडी मेंढपाळ दिवाळीनंतर आपल्या भागात उतरतात, त्यांचे तांडे एकदा नीट पाहा. उंटावर संसार बांधलेला असतो, नवी कोकरे पाठीवरच्या गाठोड्यांत बसवलेली असतात आणि कुत्री मेंढ्यांच्या कडेने चालतात. ते लोक चाल करतात ती सकाळी व दिवस कलताना. ऊन वर आले की थांबतात. हे शहाणपण कुण्या पुस्तकातले नाही, पण त्यात पुस्तकाला जोडण्यासारखे काही राहिलेले नाही.

आता रस्ता बदलला. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर २०२२ च्या जून महिन्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच रस्त्यावरून सकाळी सातला जाऊन पाहा. दर काही अंतरावर एखादे कुत्रे चेंदामेंदा होऊन पडलेले दिसेल. त्यातली सगळीच बेवारस नसतात. पुष्कळांच्या गळ्यात सुतळी असते, काळा दोरा असतो, घुंगरू असते. कुणाच्या तरी ट्रॅक्टरमागे धावत निघालेले, धापा टाकत मागे पडलेले आणि मग वास घेत रस्ता शोधणारे ते जनावर असते. ट्रॅक्टर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. कुत्रे तेवढे धावेल, पण दोन-चार किलोमीटरच्या पुढे नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे. निघण्याच्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी ठरवा, की कुत्रे न्यायचे की ठेवायचे. नेणार असाल तर ते वाहनात बसून येईल. ठेवणार असाल तर ते घरी बांधलेले असेल आणि त्याला रोज दोन वेळा भाकरी-पाणी देणारा माणूस ठरलेला असेल. मधला मार्ग, म्हणजे "आलं तर आलं", हा त्याच्या जिवाचा सौदा आहे.

बहुतेक वेळा न नेणेच बरे. राखणीचे कुत्रे घरी राहिले तर वावरात जागलीला जाणाऱ्या सालदाराला त्याची सोबत होते, आणि रोही, रानडुकरे हरभऱ्यात शिरली तर तेवढीच हाकाटी होते. चार महिन्यांच्या आतले पिल्लू, गाभण कुत्री, माजावर आलेली कुत्री, नुकतेच आजारातून उठलेले किंवा लंगडणारे कुत्रे यांना तर जत्रेत नेऊच नये. माजावरची कुत्री नेली की मागे गावोगावचे कुत्रे लागतात आणि तुमच्या राहुटीपुढे रात्रभर भांडण चालते. अशा रात्री माणसांनाही चावे बसतात.

पण नेण्याला कारणेही असतात. घर पूर्ण बंद राहणार, शेजारी भरवशाचा नाही, मुलगा शिक्षणाला बाहेर, सालदार सुटीवर. काही मंडळी कामासाठी चार-सहा महिने दुसरीकडे राहायला जातात, तेव्हा मागे ठेवलेल्या कुत्र्याचे हाल पाहवत नाहीत. बंद दारापुढे ते आठ-आठ दिवस बसून राहते. महाभारतात धर्मराज स्वर्गाच्या दारापर्यंत गेले. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून रथात बसायला त्यांनी नकार दिला. दत्तमहाराजांच्या पायाशी तर चार कुत्री आहेत. १९९८ पर्यंत आपल्या अकोला जिल्ह्यात असलेले आणि आता वाशीम जिल्ह्यात गेलेले कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. तिथे दर्शनाला जाणारा माणूस तसबिरीतल्या कुत्र्यांना हात जोडतो आणि बाहेरच्या कुत्र्याला दगड मारतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. असो.

आधी सुई, मग शिदोरी

नेण्याचे ठरले की पहिली तयारी पिशवीची नसते, लसीची असते. पिसाळण्याची लस, म्हणजे रेबीजची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, मग पशुवैद्यक सांगतील तशी दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. पहिल्यांदाच लस दिली असेल तर अंगात ताकद तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे विसाव्या डिसेंबरला निघायचे तर नोव्हेंबरच्या अखेरीसच सुई व्हायला हवी. निघायच्या आदल्या संध्याकाळी टोचून आणलेली लस जत्रेतल्या चाव्याला उपयोगी पडत नाही. याशिवाय डिस्टेंपर व पार्वो या रोगांची एकत्रित लस असते, तीही द्यावी. पार्वोमध्ये रक्ताची हगवण लागते आणि पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावते. जत्रेच्या जागी, जिथे शेकडो कुत्री हगतात-मुततात, तिथे या रोगाचे विषाणू मातीतच असतात.

लस कुठे टोचून घ्यावी? गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात. अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, तिथेही जाता येते. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा फुकट फोन क्रमांक आहे. तो घरातल्या सर्वांना पाठ असावा. मात्र एक चूक करू नका. काही जण औषधाच्या दुकानातून लसीची बाटली आणतात, खिशात ठेवतात आणि गावातल्या जाणत्या माणसाकडून टोचून घेतात. ही लस २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात राहावी लागते. बर्फाच्या डब्याशिवाय मोटारसायकलवर तास-दोन तास फिरलेली लस ही लस राहिली की नुसते पाणी झाले, याचा भरवसा कोण देणार? टोचल्याचे समाधान मिळते आणि संरक्षण मिळत नाही. ही अवस्था लस न दिल्याहून वाईट, कारण माणूस बेफिकीर होतो.

दवाखान्यातून लसीचा कागद मागून घ्या. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या रेशनकार्डाजवळ ठेवा आणि प्रवासात सोबत न्या. जनावरांच्या वाहतुकीचे जे १९७८ चे केंद्रीय नियम आहेत, त्यात कुत्र्यासोबत तब्येतीचा दाखला असावा असे म्हटले आहे. त्याच नियमांत पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी, आणि खाणे मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा, पिल्लाला दर चार तासांनी, असे मोजून दिलेले आहे. नियम कागदावरचे असतात असे आपण म्हणतो, पण हे आकडे व्यवहारातही अगदी योग्य आहेत. तेवढे पाळले तरी निम्मे काम होते.

दुसरी तयारी सवयीची. जन्मभर मोकळ्या फिरलेल्या गावठी कुत्र्याला एकदम दोराने बांधून टेम्पोत चढवले तर ते घाबरते, मुतते, उडी मारते. एखाद्याने तर गळ्यातल्या दोरासकट फळीवरून उडी घेतली आणि फास बसून गेले, असे घडलेले आहे. म्हणून आठ दिवस आधी गळ्यात पट्टा घाला. दोन बोटे आत जातील इतका सैल, पण डोके निसटणार नाही इतका घट्ट. रोज संध्याकाळी दोराने बांधून वावरापर्यंत न्या. उभ्या वाहनात बसवून भाकरीचा तुकडा द्या. मग वाहन चालू करून नुसते उभे ठेवा. मग गावाच्या वेशीपर्यंत चक्कर. हे काम घरातल्या पोरांना सांगा, ती आनंदाने करतात. पट्ट्यावर किंवा पत्र्याच्या बिल्ल्यावर मोबाईल क्रमांक कोरून घ्या. बहिरमच्या गर्दीत चुकलेले कुत्रे सापडवून द्यायला कुणी तयार असले तरी ते कुणाचे हे त्याला कळायला नको का?

गाठोड्यात काय घ्यायचे

वहिनी, आता तुमच्या हातची गोष्ट. कुत्र्याचे गाठोडे मोठे नसते. एक जुने पोते किंवा गोधडीचा तुकडा घ्यावा, आणि तो ते रोज ज्यावर झोपते तोच असावा. धुऊन नवा करू नये. त्याला त्या वासात घर सापडते. परक्या जागी ते पोते टाकले की कुत्रे त्यावर मुकाट बसते, हे करून पाहण्यासारखे आहे. एक जर्मनचा गंज किंवा घमेले पाण्यासाठी. सुताचा किंवा ज्यूटचा मऊ दोर, दोन हातांचा एक आणि पाच-सहा हातांचा एक. नायलॉनचा नको, तो गळा कापतो. जुन्या लुगड्याच्या चार पट्ट्या, पायाला काही लागले तर बांधायला, आणि गरज पडली तर तोंड बांधायलाही. दुखावलेले कुत्रे धन्यालाही चावते. हळद, स्वच्छ पाण्याची बाटली, साबणाची वडी.

पाणी किती, असा प्रश्न येईल. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला साध्या दिवशी लिटर-सव्वालिटर पाणी लागते, उन्हात आणि धावपळीत दुपटीपर्यंत. घरच्या हंड्यातलेच पाच लिटर सोबत घ्या. परक्या गावच्या साचलेल्या पाण्यावर ते तोंड टाकणारच, पण पोटभर प्यालेले असले तर कमी टाकेल.

खाण्यात बदल नको. जे रोज खाते तेच, म्हणजे ज्वारीची भाकरी, वरणाचे पाणी, पातळ ताक. निघायच्या आधी पोटभर घालू नका. निघण्याच्या तीन-चार तास आधी अर्धी भाकरी पुरे. वाहनात लाळ गळू लागली, जांभया येऊ लागल्या, की समजा त्याला मळमळते आहे. वाहन थांबवून पाच मिनिटे उतरवा.

वाहनात कुठे बसवायचे? पिकअप किंवा ट्रॉलीत पुढच्या बाजूला, चालकाच्या मागच्या आडोशाला. आखूड दोराने बांधा, इतका की बसता-उठता येईल पण फळीपर्यंत तोंड पोचणार नाही. ट्रॉलीचा पत्रा दुपारी तव्यासारखा तापतो, म्हणून खाली कुटार किंवा पोते हवेच. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी अशी. ज्या वाहनात फवारणीचे औषध, लावलेले बियाणे किंवा उंदरांचे विष आणले, त्या वाहनात फळ्या धुतल्याशिवाय कुत्रे बसवू नका. कुत्रे पंजे चाटते. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीतून माणसांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. माणसाला अंगाला लागून जे मारते ते पंजा चाटणाऱ्या जनावराला काय करील? याच कारणाने गोचिडांसाठी कपाशीचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर मारणे बंद करा. हा उपाय मी अनेक घरांत पाहिला आहे. गोचीड मरतात, कधीकधी कुत्रेही मरते. गोचिडाचे औषध पशुवैद्यकाकडून, वजनाच्या मापाने घ्यावे, आणि ते निघण्याच्या आठवडाभर आधी लावावे.

एसटीने किंवा आगगाडीने जायचे असेल तर आधी जाऊन चौकशी करा. एसटीच्या आगारात विचारल्याशिवाय कुत्रे घेऊन थांब्यावर उभे राहू नका, वाहकाशी वाद होतो आणि शेवटी कुत्रे तिथेच सुटते. रेल्वेत साध्या डब्यात वा शयनयान डब्यात कुत्रे नेता येत नाही. पार्सल कचेरीत नोंद करून ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत जाते, किंवा पहिल्या वर्गाचा पूर्ण कक्ष घेणाऱ्याला सोबत नेता येते. बडनेरा, अकोला अशा मोठ्या स्थानकांवर वेळेच्या बरेच आधी, लसीचा कागद घेऊन जावे. पेटीतला प्रवास उन्हाळ्यात मला पसंत नाही.

ऊन आणि डांबर

बहिरम थंडीत असते म्हणून निभावते. खरी कसोटी चैत्र-वैशाखातल्या लग्नांच्या प्रवासात. अकोल्याचा पारा ४५-४६ वर जाणे आता नवलाचे राहिलेले नाही. माणसाला घाम येतो, बैलालाही येतो. कुत्र्याला अंगभर घाम नाही, फक्त पंजांच्या गादीला थोडासा. त्याचा सगळा थंडावा जिभेवर, म्हणजे धापांवर. हवाच तापलेली असेल तर धापा टाकून काय गार होणार? त्याचे साधे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. १०५ च्या पुढे गेले की जिवाला धोका. लग्नघरी गाडी उन्हात लावून कुत्रे आत कोंडले आणि "आत्ता येतो" म्हणून जेवायला बसले, तर अर्ध्या तासात बंद गाडीतली उष्णता बाहेरच्यापेक्षा अठरा-वीस अंशांनी चढते. काचेची फट ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. हल्ली काही बागायतदार शहरातून जाड केसांची, चपट्या नाकाची विलायती कुत्री आणतात. त्यांना तर मे महिन्यात प्रवास देऊच नये. आपले गावठी कुत्रे आखूड केसांचे, लांब तोंडाचे, ते उन्हाला थोडे अधिक टिकते. किंमत शून्य म्हणून त्याची कदर नाही, एवढेच.

ऊन लागल्याची खूण अशी. धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट व चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चालताना झोक जातो, मग ओकारी व हगवण. लगेच सावलीत घ्या, अंगावर, विशेषतः पोटावर, जांघेत आणि पंजांवर पाणी ओता आणि पंचाने वारा घाला. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या. शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पिऊ द्या. तोंडात ओतू नका, ते श्वासात जाते. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडते.

डांबराची परीक्षा सोपी आहे. हाताचा मागचा भाग रस्त्यावर पाच-सहा सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. बर्फाच्या मुलखात, अलास्कात, गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या पायांत कापडी मोजे घालतात. १९२५ साली नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस चालकांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून, आळीपाळीने, हजार किलोमीटरहून अधिक अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवले होते. तिकडचा माणूस एका मुक्कामावर पोचला की स्वतः जेवायच्या आधी कुत्र्यांचे पंजे तपासतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण तुरीचे फण, बाभळीचे काटे आणि तापलेले डांबर आहे. मुक्कामाला पंजे उलटून पाहायला दोन मिनिटे लागतात.

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांसाठी एवढेच, की त्या रस्त्यावर कुत्र्याला मोकळे उतरवूच नये. थांब्याच्या जागीही दोर हातात हवा.

मुक्कामावर

राहुटी ठोकली की कुत्र्याला एकदा दोराने धरून भोवती फिरवा आणि मग पोत्यावर बांधा. दोर इतका लांब नको की चुलीपर्यंत जाईल. हंडीच्या गावात कुत्र्याचा मोठा शत्रू म्हणजे शिजलेले हाड. कच्चे हाड चावताना भुगा होते, शिजलेले फुटते आणि त्याच्या सुया होतात, कोंबडीचे तर हमखास. घशात, आतड्यात त्या रुततात. पाहुणे प्रेमाने हाडे टाकतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. कांदा-लसणाचा दाट रस्साही त्याला सोसत नाही, जास्त गेला तर रक्त कमी होते. आपल्या ज्वारीच्या भाकरीवर थोडा आळणी रस्सा घाला, जत्रा त्याचीही होईल.

आता जी गोष्ट सांगतो ती नीट वाचा. कुत्र्याच्या घशात हाड अडकले असे वाटले, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, तर तोंडात हात घालू नका. हाड अडकलेल्या कुत्र्याचे आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे रूप कधीकधी अगदी सारखे असते. पिसाळणे म्हणजे धावून चावणेच, असा आपला समज आहे. परंतु मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रे शांत, कोपऱ्यात बसलेले, जबडा सुटलेला. घरातला कर्ता माणूस माया म्हणून हाड काढायला जातो, बोटाला खरचटते, लाळ लागते. माझ्या फिरतीच्या भागात एका घरी हेच झाले. म्हाताऱ्या काकाजींनी मनगटापर्यंत हात घातला. हाड सापडले नाही. तिसऱ्या दिवशी कुत्रे मेले. सुदैवाने सून शिकलेली होती, तिने त्याच संध्याकाळी काकाजींसह हात लावलेल्या तिघांनाही दवाखान्यात नेले. तिघेही आज आहेत. हा रोग एकदा लक्षणांनी उठला की त्यावर जगात उपाय नाही. १८८५ साली पाश्चरने लस शोधली, ती आधी घेण्याची आहे.

चावा किंवा ओरखडा झाला, लाळ जखमेला लागली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून पंधरा. साबणाची वडी गाठोड्यात घ्या म्हणालो ती याचसाठी. तिखट, चुना, राख, तेल काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तेवढ्या सगळ्या सुया, सांगितलेल्या दिवशी घ्या. जखम खोल असेल तर जखमेतच द्यायची वेगळी सुई असते, ती आहे का हे विचारा. मुलांना कुत्र्याने ओरखडले तर ती मार खाण्याच्या भीतीने लपवतात. त्यांना निघतानाच सांगून ठेवा की सांगितले तर कुणी रागावणार नाही. चावणारे कुत्रे सापडत असेल तर मारू नका, बांधून दहा दिवस नजर ठेवा. सुया मात्र त्या दहा दिवसांसाठी थांबवायच्या नाहीत.

रात्रीचे एक. बहिरम सातपुड्याच्या कुशीत आहे. बिबट्याला कुत्र्याची चटक असते, आणि दोराने बांधलेले कुत्रे राहुटीबाहेर अंधारात ठेवणे म्हणजे त्याला ताट वाढून देणे. रात्री ते राहुटीच्या आत, माणसांमध्ये किंवा बंद गाडीत, काचा थोड्या उघड्या ठेवून, ठेवावे. थंडीच्या रात्री ते चालते. हिमालयातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, बिबट्या गळाच धरतो म्हणून. आपल्या जंगलकाठच्या गावांनी तो करून पाहायला हरकत नाही, लोहाराकडे होतो.

जत्रेनंतर कित्येक मंडळी चिखलदऱ्याला चक्कर मारतात. तिथवर ठीक. पण मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात कुत्रे नेता येत नाही आणि नेऊही नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग वाघ-सिंहांना लागतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतही हाच विषाणू सापडला. जंगलकाठच्या ओढ्यावरही त्याला मोकळे सोडू नका. रानात गेलेले कुत्रे ससे-हरणांमागे लागते आणि पुष्कळदा परत येत नाही.

परतल्यावर दोन कामे असतात. पहिल्या संध्याकाळी उजेडात बसून कान, बगला, बोटांच्या बेचक्या, शेपटीचे मूळ तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, जाळू नका, बोटांनी चिरडू नका. नंतर पंधरा दिवस त्याच्या खाण्याकडे लक्ष ठेवा. खाणे सुटले, ताप आला, लघवी लालसर झाली तर गोचिडाचा रोग असू शकतो, आणि तो वेळेवर दाखवला तर बरा होतो. आणि जत्रेत दुसऱ्या कुत्र्याने त्याला चावले असेल, तर लस झालेली असली तरी पशुवैद्यकाला दाखवा. ते पुन्हा सुई देतील आणि किती दिवस बांधून ठेवायचे ते सांगतील. तितके दिवस पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नका. भाकरी काठीने पुढे सरकवायची, पाण्याचे घमेले वेगळे, आणि ते काम घरातल्या एकाच मोठ्या माणसाकडे ठेवायचे.